वेगळ्या राज्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही

स्वतंत्र विदर्भाचा विषय निघाला की ‘त्यासाठी संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागेल’ हे वाक्य हमखास ऐकू येते. चांगली जाणती माणसेही ते ठामपणे सांगतात. ते साफ चूक आहे.

घटनादुरुस्तीची रीत बहुतेकांना ठाऊक असते: अनुच्छेद ३६८, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा, काही विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. राज्यांची पुनर्रचना मात्र अनुच्छेद २ ते ४ नुसार, साध्या बहुमताच्या कायद्याने होते.

घोटाळा होतो, कारण राज्य निर्माण झाले की घटनेचा मजकूर खरोखरच बदलतो. पहिल्या अनुसूचीत महाराष्ट्राची नोंद वाचून पाहावी: १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने ठरवलेला मुंबई राज्याचा प्रदेश, त्यातून १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने गुजरातला दिलेला भाग वगळून. म्हणजे आपल्या राज्याची व्याख्याच वजाबाकीने केलेली आहे, आणि ती घटनेत आली एका साध्या कायद्याने. मजकूर बदलला म्हणजे घटनादुरुस्ती झाली, असा तर्क कोणीही करील. पण नेमका तोच अनुच्छेद ४(२) ने बंद केला आहे. असा कायदा ३६८ च्या प्रयोजनासाठी घटनादुरुस्ती मानला जाणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

हा फरक केवळ तांत्रिक नाही, कारण त्याची किंमत राज्ये मोजतात. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते आणि संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, परंतु ते संसदेवर बंधनकारक नसते. १९५६ मध्ये मुंबई विधिमंडळापुढे महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक ठेवले गेले होते. संसदेने मंजूर केले ते द्वैभाषिक राज्य. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे यायला हवा होता, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते खटल्यात फेटाळली. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले, तरीही तेलंगण झाले. ज्या राज्याचे तुकडे व्हायचे त्याचा शब्द इतका हलका असावा, हे मला पटत नाही; संघराज्यात याहून भक्कम संरक्षण हवे.

गैरसमजाचे मूळ बहुधा १९५६ मध्येच असावे. पुनर्रचना कायदा आणि सातवी घटनादुरुस्ती दोन्ही १ नोव्हेंबरला एकत्रच अमलात आले. दुरुस्ती लागली ती राज्यांचे अ, ब, क हे जुने वर्ग मोडण्यासारख्या बदलांसाठी. गोव्यातही १९८७ मध्ये हीच जोडी दिसते: राज्य झाले पुनर्रचना कायद्याने, तर विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत हा विशेष अनुच्छेद आला ५६ व्या घटनादुरुस्तीने.