ओल्या एक्झॉस्टची गळती म्हणजे 'नुसतं पाणी' नव्हे

बोटीच्या ओल्या एक्झॉस्टमधून, म्हणजे इंजिनाचा धूर पाणी मिसळून बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थेंब पडू लागले की 'नुसतं पाणीच आहे, वरून सिलिकॉन फासा' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि जिवावर बेतू शकतं. त्या नळीतून पाण्याबरोबर इंजिनाचा धूरही जातो. जिथून थेंब येतो तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास.

नळी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पखाली मिठाची पांढरी पुटं किंवा काजळीचा ओघळ दिसला, तर नळी काढून आत बघा. आतला थर सुटला असेल तर नळी बदलाच, आणि प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प लावा. धुरात पाणी मिसळतं तो एल्बो (वाकडा जोड) आतून गंजतो. तिथे सिलिकॉन काय धरणार? एल्बो आतल्या आत फुटला, तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं.