आधी कागद, मग दावा: ॲस्बेस्टॉसच्या आजारांवर भरपाई मागताना

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "किती मिळतील?" त्याचं उत्तर पुढे आकड्यांसकट दिलं आहे. पण त्याआधी आम्ही विचारतो, "जुना गेटपास आहे का कुठे?" समोरचा माणूस गोंधळतो. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कारखान्याचा गेटपास कोण जपून ठेवतो?

ॲस्बेस्टॉस म्हणजे उष्णता अडवायला वापरलं जाणारं तंतुमय खनिज. त्याच्या दाव्यातली खरी अडचण हीच आहे. छातीत गेलेली धूळ वीस, तीस, कधी चाळीस वर्षं गप्प बसते. आजार डोकं वर काढतो तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो, कारखान्याला कुलूप लागलेलं असतं, सोबतचे कामगार गावाला परतलेले असतात. आजार आहे की नाही हे डॉक्टर सांगतात. तो त्या कामामुळेच झाला हे दाखवायला मात्र कागद लागतो, आणि आमच्या अनुभवात दावे अडकतात ते तिथेच. म्हणून हे पत्रक आज धडधाकट असलेल्यांनीही वाचावं.

आम्ही वकील नाही. वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं छोटं कार्यालय आहे. कामगारांचे पीएफ, ईएसआय (म्हणजे कामगार राज्य विमा), पेन्शन आणि भरपाईचे कागद जमवून, नीट लावून देणं हे आमचं काम. ॲस्बेस्टॉसची प्रकरणं घ्यायला लागलो ते घरच्या अनुभवातून. माझे वडील एका वीजकेंद्रात लॅगिंगचं काम करत. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांभोवती पांढरी रस्सी गुंडाळायची, वरून ओला लेप द्यायचा, आणि दुरुस्तीच्या वेळी तोच वाळलेला लेप हातोडीने फोडून काढायचा. तोंडाला रुमाल, तोही घरचाच. संध्याकाळी आई त्यांचा शर्ट अंगणात झटकायची. साठीच्या आसपास त्यांना मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालवेना. आधी टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. खरं निदान झालं तेव्हा आमच्या हातात त्यांच्या अठरा वर्षांच्या नोकरीची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. एका दिवाळीच्या आवराआवरीत सगळं रद्दीत गेलं होतं. शेवटी दोन जुन्या सोबत्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर दावा उभा राहिला, पण पैसे आले ते वडील गेल्यानंतर.

हा आजार कुणाला होऊ शकतो

लॅगिंगवाले, बॉयलर अटेंडंट, फिटर, वेल्डर, गॅस्केट आणि ग्लँड पॅकिंग कापणारे, सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणारे किंवा कापणारे, ब्रेक लायनर घासणारे गॅरेजवाले, जुनं प्लांट तोडणारे मजूर. मकरपुरा असो, नंदेसरी असो की कोयलीचा पट्टा, वाफेचे पाइप जिथे जिथे होते तिथे हे काम कुणीतरी केलेलं आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक असतात की हवेत तरंगताना डोळ्यांना दिसत नाहीत. पांढरा, तपकिरी, निळा असे त्याचे प्रकार आहेत. "पांढरा असेल तर धोका नाही" असं अजूनही सांगितलं जातं, ते खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून घाबरून येणारेही पुष्कळ. न फुटलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडलं, फोडला किंवा तो जुना होऊन भुसभुशीत झाला की धूळ उडते. असे पत्रे काढायचे असतील तर आधी पाणी मारून ओले करा आणि अख्खे उतरवा. भरपाईचा दावा मात्र यातून सहसा उभा राहत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

आजार कोणते, निदान कसं

ॲस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुसं हळूहळू घट्ट आणि कडक होत जातात. जिना चढताना दम, कोरडा खोकला, पुढे बोटांची टोकं फुगणं. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हा फार उशिरा दिसतो आणि दिसल्यावर फार वेळ देत नाही. त्याचा आणि तंबाखूचा संबंध नाही. "तुम्ही विडी ओढायचात ना?" असं कुणी दरडावलं तर हे लक्षात ठेवा. आणि फुप्फुसाच्या कर्करोगातही विडी ओढली म्हणून धुळीचा वाटा पुसला जात नाही.

तपासणी सयाजी हॉस्पिटलमध्ये करा किंवा खाजगीत, एक गोष्ट आठवणीने करा. डॉक्टरांना फक्त खोकला सांगू नका, काम सांगा. कुठे, किती वर्षं, कसली धूळ, हे केसपेपरवर लिहून घ्या. आम्ही पाहिलेल्या केसपेपरांवर बहुधा "दम, खोकला, वय ६२" एवढंच असतं, आणि तो माणूस अठरा वर्षं बॉयलरवर होता हे कुठेच नसतं. छातीचा एक्स-रे, एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि श्वासाची चाचणी या तिन्हींचे मूळ रिपोर्ट आणि फिल्म घरी ठेवा. ईएसआयचे विमाधारक असाल तर गोरव्याच्या ईएसआय हॉस्पिटलमधून व्यवसायजन्य आजाराची तपासणी वैद्यकीय मंडळाकडे पाठवायला सांगा.

अहमदाबादला मेघाणीनगरमध्ये राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्था आहे. आपल्याकडून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कामामुळे झालेल्या आजाराचं निदान हेच तिचं काम, त्यामुळे तिच्या अहवालाला वजन असतं. आमच्या ग्राहकांना शक्य असेल तर आम्ही तिथे जायलाच सांगतो.

कायदा काय देतो

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो निवृत्तीनंतरही संपत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायच्या. ज्या कामगारांची तपासणी त्या प्रकरणात व्हायची होती, त्यांच्यापैकी अहमदाबादच्या संस्थेने आजार प्रमाणित केलेल्या प्रत्येकाला एक लाख रुपये द्यावेत, असाही आदेश होता. आमच्या दृष्टीने या निकालातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती ४० वर्षं. "आमच्याकडे आता काही नोंद नाही" असं कंपनीने सांगितलं, तर ती नोंद ठेवणं तिचीच जबाबदारी होती हे तुम्हाला लेखी विचारता येतं.

भरपाईच्या दोन वाटा आहेत. ईएसआयचा हप्ता कापला जात होता तर दावा ईएसआयकडे. तिथे एकरकमी पैशाऐवजी अपंगत्वाचा नियमित लाभ आणि मृत्यूनंतर कुटुंबाला आश्रित लाभ मिळतो. तेव्हा मालकाकडे त्याच आजारासाठी वेगळी कामगार भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल तर दावा मालकावर, कामगार भरपाई आयुक्तांपुढे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टोसिस आहे, आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा आणि ईएसआयचा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. तुमचं प्रकरण जुन्या कायद्यात बसतं की नव्या संहितेत, हे तारखांवरून ठरतं. म्हणून निदानाची तारीख आणि काम सोडल्याची तारीख आम्ही आधी विचारतो.

कंत्राटी कामगारांनी हे जरूर वाचावं. "तू आमचा नाहीसच, ठेकेदाराचा" हे ऐकून कित्येक जण दारातून परत फिरलेत. ज्या कारखान्याचं नेहमीचं काम तुम्ही कंत्राटदारामार्फत केलंत, त्या मुख्य मालकावर भरपाईची जबाबदारी येते. ठेकेदाराकडून ते पैसे वसूल करणं हा त्या दोघांमधला मामला.

मुदतीचं बघा. जुन्या कायद्यात दावा दोन वर्षांत करायचा असतो. उशिराचं कारण पटलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, आणि आजार उशिरा कळणं हे खरंखुरं कारण आहे. तरीही निदानाचा कागद हातात आल्यावर "बघू, पाऊस सरू दे" म्हणू नका.

पैशांचा हिशेब

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराच्या ६० टक्के, मृत्यू झाला तर ५० टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती. वय ५० असेल तर गुणक १५३.०९, वय ६० असेल तर ११७.४१.

समजा वय ६०, पगार १५,००० किंवा त्याहून जास्त. पूर्ण अपंगत्वाचे ९,००० गुणिले ११७.४१, म्हणजे १०,५६,६९० रुपये. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले ११७.४१, म्हणजे ८,८०,५७५. कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असं ठरलं तर पूर्ण रकमेच्या ४० टक्के, म्हणजे ४,२२,६७६. प्रत्यक्ष पगार कमी असेल तर रक्कमही कमी होते. मालकाने देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

नातू मोबाईलवर दाखवतो, "आजोबा, अमेरिकेत करोडो मिळतात." तिथे ॲस्बेस्टॉस कंपन्या दिवाळखोरीत गेल्या तेव्हा पीडितांसाठी निधी वेगळे काढले गेले. पहिला मोठा निधी १९८८ चा. ते पैसे त्या त्या कंपन्यांच्या मालामुळे आजारी पडलेल्यांचे आहेत. वडोदऱ्यातल्या बॉयलरवर काम केलेल्याला त्या जाहिरातींतून काही मिळणार नाही. फॉर्म भरून आधारचा फोटो कुणाला पाठवू नका.

कागद कुठे शोधायचे

पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या खणात, गादीखाली. गेटपास, पगारपावती, बोनसची चिठ्ठी, पीएफची जुनी स्लिप, ईएसआयचं कार्ड, युनियनची पावती, कारखान्यातला ग्रुप फोटो, नोकरीचा पत्ता लिहिलेली मुलाच्या शाळेची अर्जाची प्रत. काहीही आणा. क्षुल्लक वाटणारा कागदच कधी कधी खिळ्यासारखा उपयोगी पडतो. आमच्याकडे एका काकांचा दावा उभा राहिला तो कारखान्याच्या कँटीनच्या कूपनबुकावर. त्यावर टोकन नंबर होता आणि साल होतं.

घरात काहीच नसेल तर पीएफ कार्यालयाकडे नोंद मागता येते. सरकारी वीजकेंद्र किंवा उपक्रम असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. खाजगी कारखान्याच्या बाबतीत राज्याच्या कारखाना निरीक्षकांकडे त्या जागी ॲस्बेस्टॉसचं काम चालायचं का याची नोंद असू शकते. आणि सोबतचे कामगार. त्यांना आज भेटा. पुढच्या दिवाळीला कोण भेटेल, कोण नाही, सांगता येत नाही. कुठल्या विभागात, कुठलं काम, कुठल्या सालापासून, हे त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घेऊन ठेवा.

एक धोका पुन्हा पुन्हा पाहतो. निदान झाल्याची बातमी पोचली की कंपनीचा किंवा ठेकेदाराचा माणूस घरी येतो, वीस-पंचवीस हजार रुपये पुढे करतो आणि स्टॅम्पपेपरवर सही मागतो: "यापुढे माझं काही मागणं नाही." सही करू नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने बाद ठरतो, आणि भरपाईची तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. पण ते सिद्ध करण्यात तुमचं एखादं वर्ष जातं, आणि या आजारात एक वर्ष फार मोठं असतं.

माणूस गेला असेल तर

हे लिहिताना हात जड होतो, पण सांगायला हवं. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो दाखला देतात त्यावर "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच लिहिलं गेलं तर दावा लंगडा होतो. मूळ आजाराचं नाव लिहा, अशी डॉक्टरांना विनंती करा. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्यावरून पुढेही तपासणी होऊ शकते. विधवा पत्नी, अल्पवयीन मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई हे आधी येणारे वारस. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा व्हायला हवी. मालकाने परस्पर घरी दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

नवऱ्याचे कपडे धुता धुता आजारी पडलेल्या बायकांसाठी या कायद्यात वाट नाही, कारण त्या कामगार नव्हत्या. दिवाणी दावा करता येतो, पण तो लांबतो आणि खर्चिक असतो. माझ्या आईची छाती आम्ही दरवर्षी तपासून घेतो. तुमच्या घरातही तपासा.

खर्च

कागद शोधणं, अर्ज लिहिणं आणि प्रतिज्ञापत्रांची तयारी यांचे आम्ही ठरावीक पैसे घेतो, ते पहिल्याच भेटीत लिहून देतो. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेत नाही. वकील लागलाच तर औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयात अर्ज करायचा. तो अर्ज आम्ही विनामूल्य भरून देतो.

येताना रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक आणि घरात सापडतील ते सगळे जुने कागद पिशवीत घालून आणा. निवडत बसू नका, निवडायचं काम आमचं. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना दम लागत असेल तर खालच्या पानवाल्याकडे निरोप द्या, आम्ही खाली येतो. अंथरुणावर असलेल्यांच्या घरी येतो, त्याचे पैसे नाहीत.