चांद्रमोटारीचं तुटलेलं मडगार्ड

११ डिसेंबर १९७२. अपोलो १७ मोहिमेचे अंतराळवीर यूजीन सर्नन चंद्रावर चांद्रमोटारीजवळ काम करत होते. तेवढ्यात त्यांच्या पोशाखाला लटकलेला हातोडा मागच्या उजव्या मडगार्डला अडकला आणि मडगार्डचा तुकडा निघाला. सर्ननांनी चिकटपट्टी लावून तो बसवला खरा, पण पट्टी चिकटणार कशाला? सगळीकडे धूळच. थोडं अंतर गेल्यावर तुकडा पुन्हा गळाला आणि चाकानं उडवलेली धूळ त्यांच्यावर आणि त्यांचे सहकारी हॅरिसन श्मिट यांच्यावर पावसासारखी कोसळू लागली.

एरवी मडगार्डवाचून गाडी थोडीच अडते? चंद्रावर अडते. आपल्याकडे एसटी गेल्यावर धुळीचा लोट हवेत तरंगत राहतो, कारण हवा कणांना अडवते, झेलते. चंद्रावर हवाच नाही. तिथे मैद्याएवढा कणही दगडासारखा फेकला जातो, कमान करून वर जातो आणि तसाच खाली येतो. त्यात गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणजे कमान चांगलीच उंच. ही काळपट धूळ बॅटरीवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या आरशांवर बसली की बॅटरी तापायला लागते.

शिवाय ही धूळ आपल्या धुळीसारखी नाही. नदीतला वाळूचा कण घासून घासून गोलसर होतो. चंद्रावर ना पाणी, ना वारा. अब्जावधी वर्षं उल्कांचे बारीक कण आदळून तिथला खडक फुटतो, वितळतो, त्याची काच होते. त्या काचेच्या धारा बोथट करणारं तिथे काहीच नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी कणांवर विद्युतभार येतो, म्हणून ते कपड्याला बिलगतात आणि झटकून जात नाहीत.

अंतराळवीर यानात परतले की धूळही आत यायची. हेल्मेट काढल्यावर बंदुकीच्या दारूसारखा वास यायचा, असं अनेकांनी सांगितलंय. गंमत म्हणजे पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांना तो वास येत नाही. श्मिट स्वतः भूवैज्ञानिक, चंद्रावर चाललेल्या बारा जणांतले एकमेव. त्या पहिल्या फेरीनंतर त्यांचंच नाक चोंदलं!

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अपोलो १२ उतरताना इंजिनाच्या झोतानं इतकी धूळ उडाली की पीट कॉनराड यांना जमीनच दिसेना. परतताना कक्षेत थांबलेले डिक गॉर्डन यांनी कॉनराड आणि अ‍ॅलन बीन यांचे अवतार पाहिले आणि तसं आत घ्यायला साफ नकार दिला. दोघांनी सगळे कपडे उतरवले, मगच मुख्य यानात प्रवेश! दारातच चिखलाचे पाय धुवायला लावणारी आपली आजी आणि हे गॉर्डन, फारसा फरक नाही.

पुन्हा मडगार्डकडे. सर्नन आणि श्मिट झोपले असताना ह्यूस्टनमधल्या नासाच्या केंद्रात अंतराळवीर जॉन यंग आणि मंडळींनी तोडगा शोधला. सकाळी दोघांनी यानाच्या आतच चार नकाशे चिकटपट्टीनं एकमेकांना जोडले. बाहेर जाऊन ते मडगार्डच्या जागी बसवले आणि यानातल्या एका दिव्याचे चिमटे काढून त्यांनी घट्ट आवळले. ही जोडणी शेवटच्या फेरीपर्यंत टिकली. परतल्यावर सर्ननांनी सांगितलं की बाकीच्या अडचणींवर मात करता येईल, धुळीवर मात्र कठीण.

ही धूळ किती हलकी बसलेली असते, ते २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या आपल्या विक्रमनंही दाखवलं. उतरताना त्यानं सुमारे दोन टन धूळ-माती भोवताली उधळली, असा इस्रोचा अंदाज आहे. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट या यानावर नासानं बदलत्या विद्युतक्षेत्रानं धूळ झटकणारं उपकरण चंद्रावर चालवून पाहिलं. पृष्ठभागावर बसलेली धूळ खरंच निघाली. ज्या विद्युतभारामुळे ती बिलगते, तोच इथे तिला हाकलायच्या कामी आला.

नकाशांचं ते मडगार्ड सर्ननांनी निघताना काढून बरोबर घेतलं. आता ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.