घर आणि गोठा एका छपराखाली: यॉर्कशायरची लेथ-हाउस

उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन्स डोंगरांच्या उतारांवर, खासकरून हॅलिफॅक्स आणि हडर्सफील्डच्या आसपास, लांबट दगडी घरं दिसतात. एका टोकाला राहतं घर, दुसऱ्या टोकाला गोठा-कोठार आणि वर एकच आढं. ही लेथ-हाउस. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ती आढळतात. पण बहुतेक 1750 ते 1850 या काळातली.

नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरची मध्ययुगीन लाँगहाउस यांच्याहून वेगळी. तिथे माणसं आणि गुरं एकाच दारानं आत येत. गुरं उताराच्या बाजूला बांधत, म्हणजे गोमूत्र मोरीवाटे परस्पर बाहेर जाई. लेथ-हाउसमध्ये मधली भिंत सहसा सलग, दारं वेगळी. एकाच छपराखाली दोन्ही बांधलं की एक भिंत वाचते, एवढा साधा हिशेब.

ही घरं बांधणारे निव्वळ शेतकरी नव्हते. जमीन थोडी, हवा थंड-ओली, पीक ओट आणि गवत. म्हणून जोडीला हातमाग. माडीवरच्या ओळीनं असलेल्या खिडक्या मागावर उजेड पडावा म्हणून. हॅलिफॅक्सचा पीस हॉल हा कापडबाजार 1779 मध्ये उघडला, तो अशाच विणकरांच्या मालासाठी.

कोठाराची रचना बघण्यासारखी. समोर गाडी आत जाईल एवढी कमान, बहुधा तिच्यासमोर मागच्या भिंतीत लहान दार आणि मध्ये मळणीचं खळं. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार, उफणणी तिथेच. बाजूला गोठा, त्यावर गवताचा माळा.

भिंती साधारण दीड-दोन फूट जाड: बाहेरून-आतून दगडाचे दोन थर, पोटात चुरा आणि चुना, अधूनमधून दोन्ही थर बांधणारे आरपार दगड. हे दगड कमी पडले की भिंत पोटात फुगते. छपराला दगडी फरश्या, खाली मोठ्या, वर लहान होत जाणाऱ्या. त्या अडकवलेल्या लाकडी खुंट्या कुजल्या की फरश्या घसरतात. वजन एवढं की वासेही वाकतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र हल्लीच्या सिमेंटनं केलं. चुन्याच्या दरजांतून ओल सुकून जाई. सिमेंटनं ती अडते, दगडात मुरते आणि गोठली की पापुद्रे सुटतात. डागडुजी चुन्यानंच करावी, तीही कडाक्याची थंडी टाळून, कारण ताजा चुना गोठला की भुगा होतो.