महारोहिणी विस्फार आणि भित्तिपोषक वाहिन्या

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) निघणाऱ्या महारोहिणीतून अखंड रक्त वाहत असले, तरी तिची भित्ती इतकी जाड असते की त्या रक्तातील ऑक्सिजन भित्तीच्या सर्व थरांपर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या थरांच्या पोषणासाठी भित्तीतच सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांना भित्तिपोषक वाहिन्या किंवा लॅटिन नावाने व्हासा व्हासोरम, म्हणजे ‘वाहिन्यांच्या वाहिन्या’, म्हणतात. महारोहिणीचा एखादा भाग दुबळा होऊन कायमचा फुगला, तर त्यास महारोहिणी विस्फार म्हणतात. सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील ‘रोहिणी’ (धमनी) हीच संज्ञा येथे वापरली आहे. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत मात्र रुग्णाच्या कानी ‘एओर्टा’ आणि ‘अॅन्युरिझम’ हेच शब्द पडतात.

महारोहिणीच्या भित्तीला अंतःस्तर, मध्यस्तर आणि बाह्यस्तर असे तीन स्तर असतात. मध्यस्तरात इलॅस्टिन या प्रथिनाची लवचीक पटले (पातळ थर) आणि अरेखित स्नायू एकाआड एक रचलेले असतात. अंतःस्तराला व मध्यस्तराच्या आतील भागाला पोकळीतील रक्तातून झिरपणारे पोषण पुरते. बाहेरच्या भागाला भित्तिपोषक वाहिन्यांवर अवलंबून राहावे लागते. कृष्णाकाठच्या विहिरींना नदीचा पाझर मिळतो, जतच्या माळाला मात्र म्हैसाळ योजनेने उचलून आणलेले पाणी लागते, तसाच हा प्रकार आहे. आणि दोन्हीकडे पाणी शेवटी कृष्णेचेच असते, त्याप्रमाणे भित्तिपोषक वाहिन्याही बहुतांशी महारोहिणीच्याच शाखांपासून, म्हणजे बरगड्यांमधील, कमरेच्या व आतड्याच्या रोहिण्यांपासून, फुटतात.

वोलिन्स्की आणि ग्लॅगॉव्ह या संशोधकांनी १९६७ मध्ये अनेक सस्तन प्राण्यांच्या महारोहिणींची तुलना केली. मध्यस्तरात सुमारे २९ पेक्षा अधिक पटले असतील, तर त्यात पोषक वाहिन्या शिरतात आणि त्याहून कमी असतील, तर सहसा शिरत नाहीत, असे त्यांना आढळले. मानवाच्या उदरातील महारोहिणीत पटले या मर्यादेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात, मध्यस्तरात पोषक वाहिन्या जवळजवळ नसतातच आणि तरीही प्रत्येक पटलावर येणारा ताण इतर प्राण्यांच्या तुलनेने जास्त असतो. विस्फार सर्वाधिक आढळतो तो नेमका मूत्रपिंडांच्या रोहिण्यांखालच्या या भागात. केवळ रचनेवरून रोगाचे कारण सिद्ध होत नाही, पण हा मेळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगाही नाही.

या वाहिन्या बंद पडल्यावर काय होते, याचे जुने उदाहरण म्हणजे उपदंश (सिफिलिस). या रोगाच्या उशिराच्या अवस्थेत छातीतील आरोही महारोहिणीच्या पोषक वाहिन्यांना दाह होऊन त्या आतून अरुंद होत बुजतात, मध्यस्तराचे ठिकठिकाणी मृतीकरण होते, तेथे व्रणऊती (जखमेच्या वणाची ऊती) तयार होते आणि भित्ती फुगते. पेनिसिलिनच्या वापरानंतर हा प्रकार विरळ झाला. उदराच्या बाबतीत २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या महारोहिणीच्या भित्तीचा रक्तपुरवठा मुद्दाम घटवला, तेव्हा काही आठवड्यांतच तेथे विस्फार निर्माण झाला.

मात्र विस्फार झालेल्या मानवी भित्तीत वाहिन्या कमी नव्हे, तर पुष्कळदा जास्त दिसतात. फुगलेल्या भागाच्या आतील बाजूस रक्ताच्या गुठळीचा जाड थर साचतो आणि पोकळीतून होणारा पाझर अडतो. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी वाहिनीवर्धक प्रथिने स्रवतात व बाह्यस्तरातून नव्या केशवाहिन्या मध्यस्तरात घुसतात. त्या कच्च्या आणि झिरपणाऱ्या असतात. त्यांच्या वाटेने दाहक पेशी आत येतात आणि त्या पेशींची विकरे इलॅस्टिन व कोलॅजेन ही भित्तीला बळ देणारी प्रथिने तोडतात. विस्फार जेथे फुटतो, तेथे अशा नव्या वाहिन्यांची दाटी अधिक आढळली आहे. म्हणजे पुरवठा घटणे हा रोगाचा आरंभ असू शकतो, आणि तो भरून काढण्याची शरीराची धडपडच पुढे भित्ती पोखरते. ‘पोषक’ या नावावरून ही दुसरी भूमिका सहसा लक्षात येत नाही.

निदानात या वाहिन्या दिसत नाहीत. उदरातील महारोहिणीचा व्यास सामान्यतः सुमारे २ सेंमी. असतो, तो ३ सेंमी. किंवा अधिक झाल्यास विस्फार मानतात आणि पुरुषांत ५.५ सेंमी.च्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार करतात. लक्षणे बहुधा नसल्याने मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीतच तो अचानक सापडतो. धूम्रपान, मग ते सिगारेटचे असो वा बिडीचे, हा टाळता येण्याजोगा सर्वांत मोठा धोका आहे.

जांघेतील रोहिणीतून आच्छादित स्टेंट (कापडाने मढवलेली जाळीची नळी) बसवण्याच्या उपचारात फुगलेली थैली मुख्य प्रवाहापासून वेगळी केली जाते. तरी काही रुग्णांत कमरेच्या रोहिण्यांतून, म्हणजे भित्तीला पोषक शाखा देणाऱ्या त्याच रोहिण्यांतून, रक्त उलट दिशेने थैलीत येत राहते. म्हणून अशा रुग्णांची तपासणी पुढे अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.