संघ रेडरभोवती बांधलेला की रेडरवर टाकलेला?

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं की वाशीम-यवतमाळपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. बहुतेक संघांत एक रेडर, म्हणजे चढाई करणारा पोट्टा, असा असतो की तो चढाईला निघाला की कडेला बसलेली माणसं उभी राहतात. संघ जिंकला की सगळे म्हणतात, "याच्याच भरवशावर चाललंय." हे बोलताना दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. संघ त्या पोट्ट्याभोवती बांधलेला असतो, किंवा त्याच्या अंगावर टाकून दिलेला असतो. जिंकत असताना दोन्ही संघ सारखेच दिसतात, आणि गुणपत्रक पाहूनही फरक कळत नाही.

गुणपत्रक कसं फसवतं, ते पाटणा पायरेट्सकडे पाहिलं की समजतं. २०१७च्या प्रो कबड्डीत प्रदीप नरवालने २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण घेतले. त्यातले ३४ हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या एकाच सामन्यातले. पाटणा सलग तिसऱ्यांदा विजेता झाला. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की संघ एका माणसावर टाकलेला होता. पण त्याच हंगामात मोनू गोयतने दुसऱ्या बाजूने दोनशेच्या वर गुण आणले होते. पुढच्या लिलावात गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणाकडे गेला. प्रदीप तिथेच होता, पकडणाऱ्यांच्या हातांखालून वाकून निसटण्याची त्याची डुबकीही तीच होती, पण २०१८ मध्ये पाटण्याला बाद फेरी गाठता आली नाही. २०१९ मध्ये प्रदीपने चढाईचे ३०२ गुण घेतले, तरीही संघ बाद फेरीबाहेरच राहिला. एकाच खेळाडूचा संघ आधी बांधलेला होता, नंतर टाकलेला झाला.

पुढचा हंगाम २०२१-२२ चा. प्रदीपला यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांना घेतलं. पाटण्याने चढाया सचिन, गुमान सिंग, प्रशांत राय आणि परत आलेल्या गोयतमध्ये वाटल्या. डाव्या कोपऱ्यात, म्हणजे बचावाच्या साखळीच्या टोकाला, इराणचा मोहम्मदरेझा शादलुई उभा राहिला आणि त्याने पकडीचे ८९ गुण मिळवले. संघ साखळीत पहिला आला, उपांत्य सामन्यात त्याने प्रदीपच्याच यूपीला हरवलं आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने गमावला. दिल्लीचा हुकमी रेडर होता नवीन कुमार. हंगामाच्या मध्यात तो दुखापतीने बाहेर बसला, तेव्हा विजय मलिकने चढाया अंगावर घेतल्या. अंतिम सामन्यात नवीनचे १३ गुण होते आणि विजयचे १४. बांधलेला संघ म्हणतात तो हाच.

तेव्हा हुकमी रेडरने किती चढाया केल्या हे मोजू नका. त्याने सर्वांत जास्त चढाया कराव्यात, ते योग्यच आहे. तो बाहेर बसल्यावर उरलेले सहा जण काय करतात ते पाहा. कबड्डीत ही संधी प्रत्येक सामन्यात मिळते. बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्याशिवाय आत येत नाही, आणि जो आधी बाद झाला तो आधी येतो.

टाकलेल्या संघात अशा वेळी बाकीचे रेडर निदान रेषेला (चढाई वैध ठरायला जी ओलांडावी लागते तिला) पाय लावून, गुण न घेताच परत फिरतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. तिथे असा पोरगा पाठवला जातो, ज्याने सरावात तिसरी चढाई कधी केलेलीच नसते. तो पकडला जातो. मग बाहेरून आवाज येतो, "लोण घेऊन टाका, तो तरी आत येईल!" लोण बसला, म्हणजे सगळे गडी बाद झाले, की सगळे परत आत येतात हे खरं, पण समोरच्याला २ गुण जास्तीचे मिळतात. हा आवाज ऐकू आला की मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

बांधलेल्या संघात त्याच वेळी कोपरे, म्हणजे कोपऱ्यातले बचावपटू, जागे होतात. एक पकड म्हणजे एक गुण आणि सोबत हुकमी रेडर आत. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, म्हणजे २ गुण. म्हणून ज्याच्याकडे मोठा रेडर आहे, त्याने सर्वांत जास्त मेहनत बचावावर घ्यायची असते. नेमकं उलट घडताना मी पाहतो आणि मनापासून वाईट वाटतं.

रग्बीत ही परीक्षा फार उशिरा येते. तिथे पंधरा जणांत दहा नंबरचा खेळाडू ठरवतो की चेंडू द्यायचा, लाथेने पुढे मारायचा की स्वतः घुसायचं. तो सामन्यात लवकर बाहेर गेला, तर बहुधा दुखापतीनेच. २०११च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा दहा नंबर डॅन कार्टर सरावात जखमी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात दुखापतीने बाहेर गेला, तिसरा एरन क्रूडेन अंतिम सामन्यात. मग मैदानात उतरला स्टीफन डोनाल्ड, जो आधी संघातही नव्हता. त्याने पेनल्टीचे ३ गुण मिळवले आणि न्यूझीलंडने फ्रान्सला ८-७ ने हरवलं. चौथा माणूस चालला, कारण बाकीच्या चौदांना आपापलं काम ठाऊक होतं. फ्रान्सचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये डब्लिनला त्यांचा कर्णधार आंत्वान द्युपाँ पहिल्याच सत्रात गुडघा दुखावून बाहेर गेला. मॅक्सिम लुकू आत आला आणि फ्रान्सने आयर्लंडला ४२-२७ असं हरवलं.

आपल्या गावांत टाकलेला संघ तयार होतो तो बहुधा वर्गणीतून. जमलेल्या पैशांतला मोठा वाटा बाहेरून आणलेल्या एका रेडरवर जातो. तो सामन्याच्या दिवशी येतो, त्यामुळे त्याच्यासोबत सराव होत नाही, आणि गावचे कोपरे वर्षभर कोणी पाहत नाही. रेडर गावचाच असेल तर तो पोलीस भरतीत लागतो किंवा पुण्याकडे कंपनीत जातो. ते चांगलंच आहे, त्याच्यासाठी आनंदच व्हायला हवा. पण तो जाणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, तरी दुसरा रेडर कोणी घडवत नाही.

उपायाला पैसे लागत नाहीत. सरावाचा डाव सुरू करतानाच हुकमी रेडरला बाद धरा आणि बाहेर बसवा. उरलेल्या सहांनी गुण कमवून त्याला आत आणायचं. तिसरी चढाई रोज वेगळ्या पोराला द्या. आणि हा आग्रह खुद्द त्या रेडरने धरावा, असं माझं म्हणणं आहे. दर चढाईला तोच गेला की समोरचा कोपरा त्याचा पाय ओळखायला लागतो, आणि मातीवर गुडघा त्याचाच फुटतो.