अल्पखर्ची भयपट

अल्पखर्ची भयपट : तुटपुंज्या भांडवलावर, मोजक्या दिवसांत आणि बहुधा नामवंत नटांवाचून तयार झालेले भयपट. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे १९३० ते १९७० या काळातील अमेरिकी चित्रपटांपुरती असून त्यांची आजवर टिकलेली गोडी हा तिचा विषय होय.

महामंदीच्या काळात अमेरिकी चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटाचे भाडे उत्पन्नाच्या टक्केवारीने ठरे, जोडचित्रपटाचे (‘बी’ चित्रपटाचे) ठोक रकमेत. जोडचित्रपटाची कमाई अशी आधीच ठरलेली असल्याने नफा हवा तर खर्चच आवळावा लागे. हॅल्परिन बंधूंचा व्हाइट झाँबी (१९३२) युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात, इतर चित्रपटांच्या उभ्या नेपथ्यावर, बराचसा रात्री आणि सुमारे ११ दिवसांत चित्रित झाला. मात्र तो स्वतंत्र निर्मिती असल्याने काटेकोर अर्थाने त्याला जोडचित्रपट म्हणता येत नाही.

अंधार आणि सूचकता ही या भयपटांची खूण मानली जाते. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. आरकेओ या हॉलिवुडच्या चित्रपटकंपनीने १९४२ मध्ये निर्माते व्हॅल लूटन यांच्याकडे भयपट विभाग सोपवला. खर्चाची मर्यादा साधारणपणे दीड लाख डॉलर सांगितली जाते; चित्रपटाचे नावही कंपनीच ठरवून देई. नेपथ्याला पैसा नव्हता म्हणून अंधार आला, हे मत सर्वत्र आढळते. आपण बिबट्या होऊ अशी भीती बाळगणाऱ्या स्त्रीची कथा सांगणाऱ्या लूटन यांच्या कॅट पीपल (१९४२) मध्ये दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या चित्रपटासाठी उभारलेला जिना पुन्हा वापरला गेला, ही बाब या मताला पोषक आहे. परंतु कॅट पीपलचे छायालेखक निकोलस म्यूझुराका यांनी स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर (१९४०) या आरकेओच्याच चित्रपटात दाट सावल्यांची अशी प्रकाशयोजना आधीच केली होती. शिवाय कॅट पीपलमधला काळा बिबट्या प्रत्यक्ष दाखवावा असा आग्रह कंपनीचा होता. लूटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांचा कल तो न दाखवण्याकडे होता. तेव्हा टंचाईने वाट अरुंद केली, पण ती निवडली कलावंतांनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कॅट पीपलमध्येच एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीलगत एकटी चालली आहे. मागून उंच टाचांचा आवाज येतो आणि एकाएकी थांबतो. ती पावले उचलते, मग धावते. श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज होतो आणि पडद्यात शिरते ती बस. संकलक मार्क रॉब्सन यांच्या या योजनेवरून अशा फसव्या दचक्याला पुढे ‘बस’ हेच नाव पडले. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात तर भिंतीवर हलणारा पाण्याचा उजेड, एक सावली आणि गुरगुर एवढ्यावरच सारे उभे आहे. प्रेक्षकाच्या मनातला प्राणी कोणत्याही नेपथ्यापेक्षा मोठा ठरतो.

या गोडीची दुसरी मीमांसा हास्याची आहे. दिग्दर्शक एड वुड यांच्या प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेसमध्ये नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारल्यामुळे दुसऱ्याच माणसाने डगल्याआड चेहरा लपवून त्यांचे काम पुरे केले. १९८० मध्ये मेडव्हेड या लेखकबंधूंनी वाचकांच्या कौलावरून त्याला ‘सर्वांत वाईट चित्रपट’ ठरवले. लेखिका सूझन साँटॅग यांनी १९६४ मध्ये केलेली ‘कँप’ (कृत्रिम, अतिरंजित गोष्टींतच मौज मानणाऱ्या) अभिरुचीची चर्चा अशा प्रेमाला लागू पडते. चित्रपट-अभ्यासक जेफ्री स्काँस यांनी १९९५ मध्ये याच रसिकतेकडे प्रतिष्ठित अभिरुचीला दिलेले आव्हान म्हणून पाहिले. परंतु हर्क हार्वी यांचा कार्निव्हल ऑफ सोल्स (१९६२) हास्याने उलगडत नाही. कॅन्ससमध्ये औद्योगिक व शैक्षणिक फिल्म काढणाऱ्या हार्वींना युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टेअर ही ओसाड रंजनवास्तू दिसली आणि तिथून कथा सुचली. त्या रिकाम्या दालनात ऑर्गनच्या सुरांवर मृतांची जोडपी नाचतात. ती जागा खरी होती. भीती तिच्यातूनच येते, आणि हा अनुभव विकत घेता येण्याजोगा नाही.

१९५० नंतर निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी द टिंगलरसाठी (१९५९) काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली, तर रॉजर कॉर्मन यांनी द लिटल शॉप ऑफ हॉरर्सचे (१९६०) बहुतेक चित्रण दोन दिवसांत उरकले. जॉर्ज रोमेरो यांच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेडमध्ये (१९६८) रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला गेला. प्रदर्शनापूर्वी नाव बदलताना त्याच्या शीर्षकपट्टीवरील स्वामित्वहक्काची सूचना गळाली; त्यामुळे तो कोणालाही मोफत दाखवता येऊ लागला आणि दूरचित्रवाणी व व्हिडिओमार्फत दूरवर पोहोचला.